निळ्या फोकसवरचा आक्षेप: फोंडा तालुक्यातील एका दीपस्तंभाच्या रोषणाईचा प्रकरण अभ्यास

गोव्यातील फोंडा तालुक्यातील एका देवस्थानाच्या जत्रेसाठी देवळासमोरच्या बहुमजली दीपस्तंभावर रंगीत एलईडी फोकस लावण्याचे काम मंडप आणि रोषणाई करणाऱ्या एका स्थानिक व्यावसायिकाला देण्यात आले होते. लाल, हिरवा आणि निळा अशा तीन रंगांचे, प्रत्येकी २० वॅटचे फोकस समान संख्येने लावावेत आणि तिन्ही रंगांचा उजेड सारखा पडावा, एवढेच करारात लिहिलेले होते. जत्रा पार पडली आणि बिल समितीपुढे आले, तेव्हा खजिनदारांनी निळ्या फोकसच्या रकमेवर आक्षेप घेतला. त्यांनी जत्रेच्या आदल्या रात्री मोबाइलमधील उजेड मोजणाऱ्या अॅपने तिन्ही रंगांचे आकडे टिपून ठेवले होते आणि त्यांत निळ्याचा आकडा हिरव्याच्या पाव हिश्श्याच्या आसपास होता. निळे फोकस हलक्या प्रतीचे असून त्यांवरची २० वॅटची चिठ्ठी खोटी आहे, असे त्यांचे म्हणणे पडले. व्यावसायिकाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. “सर, मीटर काहीही दाखवो, रात्री स्तंभासमोर उभे राहून पाहा, सगळ्यांत आधी निळाच डोळ्यांत भरतो,” असे त्याने मला सांगितले. समितीने दोघांच्या संमतीने फोकस तपासण्यासाठी आमच्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेकडे पाठवले आणि ते काम माझ्याकडे आले.

वाद पैशांचा होता, त्यामुळे उत्तर दोन्ही पक्षांना स्वतः पडताळून पाहता येईल असे असणे आवश्यक होते. म्हणून प्रत्येक मोजणीच्या वेळी खजिनदार आणि व्यावसायिक या दोघांनाही बोलावले आणि आकडे त्यांच्यासमोरच वहीत उतरवले.

प्रथम “उजेड” या एकाच शब्दाखाली दोघे कोणत्या वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, हे वेगळे करावे लागले. दिवा भिंतीतून किती वीज घेतो, ही पहिली गोष्ट. ती वॅटमध्ये मोजतात. त्या विजेपैकी किती ऊर्जा प्रकाश म्हणून बाहेर पडते, ही दुसरी. तीही वॅटमध्येच मोजली जाते, परंतु ती विजेच्या मीटरवर दिसत नाही. बाहेर पडलेल्या त्या प्रकाशाला माणसाचा डोळा किती दाद देतो, ही तिसरी. ल्युमेन (दिव्याचा एकूण उजेड), लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड) आणि कँडेला (एका दिशेतील उजेडाची तीव्रता) ही एकके तिच्यासाठी आहेत. चौथी गोष्ट म्हणजे रात्रीच्या अंधारात, रंगासह, प्रत्यक्ष पाहणाऱ्याला तो उजेड किती तेजस्वी भासतो. करारातील “सारखा उजेड” या शब्दांनी यांपैकी कोणती गोष्ट अभिप्रेत आहे, हे कोणीच ठरवलेले नव्हते. खजिनदारांनी तिसरीवरून पहिलीचा निष्कर्ष काढला होता आणि व्यावसायिक चौथीच्या आधारे बोलत होता.

प्रयोगशाळेतील मोजणी

खिडक्यांना काळे कापड लावून खोली अंधारी केली आणि फोकस लाकडी बैठकीवर पक्का बसवला. मापकाचे अंतर दिव्याच्या रुंदीच्या किमान पाचपट ठेवले, तर अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उजेड घटतो हा नियम सुमारे एक टक्क्याच्या आत पाळला जातो. आम्ही त्याहून बरेच अधिक, ३ मीटर अंतर घेतले. फोकस बंद असताना मापकावर राहणारा उरलासुरला उजेड प्रत्येक वाचनातून वजा केला. प्रत्येक फोकस आकडा स्थिरावेपर्यंत आधी तापू दिला. एलईडी गरम झाला की त्याचा प्रकाश कमी होतो आणि लाल एलईडीच्या बाबतीत ही घट निळ्या-हिरव्यांपेक्षा जास्त असते. लाल चिप (एलईडीचा प्रत्यक्ष प्रकाश देणारा भाग) अॅल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस यांच्या संयुगाची असते, तर हिरवी आणि निळी इंडियम गॅलियम नायट्राइडची. पदार्थच वेगळा असल्यामुळे उष्णतेला मिळणारा प्रतिसादही वेगळा असतो. दिवा लावल्याबरोबर घेतलेला आकडा लाल रंगाला अकारण झुकते माप देतो.

झोताचा कोन तपासणेही टाळता येण्यासारखे नव्हते. लक्समीटर फक्त झोताच्या मध्यावरचा उजेड दाखवतो, म्हणून तोच प्रकाश अरुंद कोनात गोळा केला तर आकडा फुगतो. १५ अंशांचा शंकू आणि ३० अंशांचा शंकू यांनी व्यापलेल्या घनकोनांत, म्हणजे झोताच्या पसाऱ्यात, जवळजवळ चौपटीचा फरक असतो. म्हणजे अगदी तेवढाच प्रकाश देणारा दिवा केवळ भिंग बदलल्याने चौपट तेजस्वी असल्याचे दाखवता येते. बाजारात सुट्या एलईडीच्या पाकिटांवर मिलिकँडेलाचे मोठमोठे आकडे छापतात, त्यांकडे कोन वाचल्याशिवाय पाहू नये, असे माझे ठाम मत आहे. आमच्या प्रकरणात तिन्ही रंगांची पेटी, परावर्तक आणि काच एकाच साच्यातील होती. फोकस थोडा थोडा फिरवून घेतलेल्या आकड्यांवरून झोताची रुंदी तिन्ही रंगांत सारखीच ठरली, त्यामुळे मध्यावरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे योग्य होते.

विजेच्या मीटरने पहिला धक्का दिला, आणि तो निळ्याविषयी नव्हता. निळा आणि हिरवा फोकस चिठ्ठीवरील आकड्याच्या जवळपास वीज घेत होते. लाल फोकस मात्र हिरव्याच्या सुमारे दोन तृतीयांश वीज घेत होता. यात लबाडी नव्हती. तिन्ही पेट्यांत सारख्याच संख्येच्या चिप एकामागोमाग जोडलेल्या होत्या आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीजप्रवाह पुरवणारा भाग, तिन्हींना सारखाच प्रवाह देत होता. लाल चिपवर साधारण २ व्होल्टचा दाब पडतो, निळ्या आणि हिरव्या चिपवर ३ व्होल्टच्या आसपास; प्रवाह तोच राहिला तर लाल दिव्याची वीज आपोआप कमी होते. कारखान्यात एकाच प्रकारच्या पेटीवर एकच चिठ्ठी लावली जाते आणि ग्राहक तिला मोजणी समजतो.

त्यानंतर महाविद्यालयाच्या लक्समीटरने उजेड मोजला. हिरव्याचा आकडा १०० धरला, तर लाल सुमारे ५० आणि निळा सुमारे २१ आला. म्हणजे खजिनदारांचे मोबाइलवरचे निरीक्षण ढोबळमानाने बरोबरच होते. निष्कर्ष मात्र त्यातून निघत नव्हता, आणि त्याचे कारण लक्स या एककाच्या व्याख्येतच आहे.

आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने १९२४ साली डोळ्याच्या संवेदनशीलतेचा एक प्रमाणित आलेख स्वीकारला. भर उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पोपटी हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. त्याचे मूल्य १ मानले, तर ५२५ नॅनोमीटरच्या हिरव्याला ०.७९, ६२५ च्या लालला ०.३२ आणि ४६५ च्या निळ्याला जेमतेम ०.०७४ मूल्य मिळते. कँडेलाची १९७९ सालची व्याख्या याच टोकाला बांधलेली आहे: ५४० टेराहर्ट्‌झ वारंवारतेच्या, म्हणजे सुमारे ५५५ नॅनोमीटरच्या, एक वॅट प्रकाशाचे ६८३ ल्युमेन होतात. तेवढाच एक वॅट ४६५ नॅनोमीटरच्या निळ्या रंगात दिला तर साधारण ५० ल्युमेन हाती लागतात. यात दिव्याचा दोष काहीही नाही. डोळ्याच्या आलेखाने निळ्याला दिलेले वजनच एवढे आहे. लक्समीटरमधील सिलिकॉनच्या प्रकाशसंवेदकावर या आलेखाशी जुळणारी गाळणी बसवलेली असते, म्हणून तो हे वजन लावूनच आकडा देतो.

हे वजन लावायचे तर प्रत्येक फोकसची तरंगलांबी माहीत हवी. त्यासाठी प्रयोगशाळेतील वर्णपटमापक आणि इंचाला १५,००० रेषा असलेली ग्रेटिंग, म्हणजे प्रकाशातील रंग वेगळे करणारी बारीक रेषांची पट्टी, वापरली. सोडियम दिव्याची ५८९.३ नॅनोमीटरची पिवळी रेषा प्रथम २०.४ अंशांवर मिळते की नाही, हे पाहून उपकरण जुळवून घेतले. मग फोकसचे पट्टे पाहिले: निळ्याचा मध्य १६ अंशांच्या जवळ, हिरव्याचा १८ अंशांच्या जवळ आणि लालचा पावणेबावीस अंशांच्या थोडा अलीकडे. हे कोन अनुक्रमे ४६५, ५२५ आणि ६२५ नॅनोमीटरशी जुळतात. बारावीच्या विद्यार्थ्यालाही करता येणारा हा प्रयोग आहे आणि खजिनदारांनी दुर्बिणीतून स्वतः पट्टे पाहिले, याचे मला समाधान वाटते. वादातील माणसाने पुरावा आपल्या डोळ्यांनी पाहावा, यासारखे दुसरे साधन नाही.

आता लक्सच्या आकड्यांना आलेखातील मूल्यांनी भागले की डोळ्याचे वजन निघून जाते आणि दिव्याने प्रत्यक्ष बाहेर टाकलेल्या प्रकाशऊर्जेचे प्रमाण उरते. एलईडीचा पट्टा एका रेषेइतका बारीक नसतो, तो २० ते ३५ नॅनोमीटर रुंद असतो; म्हणून मधले एकच मूल्य न घेता पट्ट्याचे ५-५ नॅनोमीटरचे तुकडे पाडून त्यांची भारित सरासरी काढली. उत्तर असे आले की निळा फोकस हिरव्याच्या जवळजवळ दुप्पट प्रकाशऊर्जा देत होता. ज्याच्यावर संशय होता, तोच घेतलेल्या विजेचे सर्वाधिक प्रकाशात रूपांतर करणारा निघाला. याचे कारणही ज्ञात आहे. नायट्राइड चिपमध्ये इंडियमचे प्रमाण वाढवत निळ्याकडून हिरव्याकडे जावे, तशी स्फटिकाची गुणवत्ता आणि कार्यक्षमता घसरते. लाल बाजूच्या पदार्थाचीही हिरव्याकडे येताना तीच गत होते. मधल्या भागात दोन्ही पदार्थ कमी पडतात.

एक शंका मात्र उरत होती. स्वस्त लक्समीटरची गाळणी प्रमाणित आलेखाशी मध्यभागी बऱ्यापैकी जुळते, पण निळ्या आणि गडद लाल टोकांशी तिचा मेळ बिघडतो. पांढऱ्या प्रकाशात सर्व रंग मिसळलेले असल्यामुळे ही चूक झाकली जाते. एकाच रंगाच्या एलईडीवर ती उघडी पडते. दोन मोबाइलवर तेच अॅप घालून पाहिले, तेव्हा निळ्याचे आकडे एकमेकांशी मुळीच जुळले नाहीत. त्यामुळे निळा दुप्पट आहे हा निष्कर्ष केवळ गाळणीच्या दोषातून तर आलेला नाही, हे स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक होते. त्यासाठी गाळणी नसलेला उघडा सिलिकॉन फोटोडायोड त्याच जागी ठेवून त्याचा प्रवाह मोजला. सिलिकॉनला डोळ्याचा आलेख ठाऊक नसतो. त्याचा प्रतिसाद निळ्यापासून लालकडे आणि पुढे अवरक्ताकडे वाढत जातो, म्हणजे सारख्या ऊर्जेला तो निळ्यात हिरव्यापेक्षा कमी प्रवाह देतो. तरीही निळ्या फोकससमोर त्याचा प्रवाह हिरव्यापेक्षा जास्त आला. निळ्याची ऊर्जा अधिक असल्याखेरीज असे घडणार नाही. या ठिकाणी निळ्या फोकसवरील हलक्या प्रतीचा आरोप निकाली निघाला.

निळ्या फोकसमध्ये दुसरा एक खरा दोष मात्र सापडला. त्यांतील काही फोकसचा पट्टा इतरांपेक्षा साधारण १० नॅनोमीटर लांब तरंगलांबीकडे होता, म्हणजे ते दोन वेगळ्या मालांतून आलेले होते. हिरव्यात १० नॅनोमीटरचा फरक फारसा जाणवत नाही. निळ्या बाजूला आलेखाचा चढ इतका तीव्र आहे की ४६० नॅनोमीटरला ०.०६० असलेले मूल्य ४७० ला ०.०९१ होते, सारख्याच ऊर्जेचे दोन निळे फोकस शेजारीशेजारी लावले तर लक्सचा आकडा दीडपट वेगळा येतो आणि रंगछटाही निराळी दिसते. स्तंभाच्या एका बाजूचा निळा फिका वाटतो, ही काही महाजनांची (देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची) तक्रार यामुळे समजून आली. व्यावसायिकाने हे फोकस वेगळे काढण्याचे लगेच मान्य केले.

स्तंभासमोर

दिवे हलक्या प्रतीचे नाहीत हे ठरले, तरी करारातील “सारखा उजेड” म्हणजे काय, हा प्रश्न तसाच होता. लक्स सारखे करायचे ठरवले असते, तर एका हिरव्याला दोन लाल आणि पाच निळे फोकस लावावे लागले असते. देवळाच्या अंगणात तसे करून पाहिले आणि पाहणाऱ्यांपैकी एकालाही ते सारखे वाटले नाही. स्तंभाचा निळ्या उजेडातला मजला इतरांना झाकून टाकत होता.

यामागे तीन कारणे एकत्र काम करतात. पहिले कारण, गडद शुद्ध रंग सारख्याच मोजमापाच्या फिक्या रंगापेक्षा अधिक तेजस्वी भासतो; हेल्महोल्ट्झ आणि कोलराऊश यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम निळ्या आणि लाल रंगांत ठळक असतो, पिवळ्या-हिरव्यात क्षीण. दुसरे कारण रात्रीचे आहे. चुना दिलेल्या पांढऱ्या पृष्ठभागावरून ८० टक्के प्रकाश परततो असे धरले, तर त्यावर पडलेल्या २० लक्सपासून प्रति चौरस मीटर सुमारे ५ कँडेला तेज मिळते. वरच्या मजल्यांवर अंतर आणि तिरका कोन यांमुळे ते त्याहून पुष्कळ कमी होते. ५ कँडेलाच्या खाली डोळ्यातील भर उजेडात पाहणाऱ्या शंकूपेशींबरोबर अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशीही हळूहळू कामाला लागतात आणि दंडपेशींची सर्वाधिक संवेदनशीलता ५५५ ऐवजी ५०७ नॅनोमीटरला असते. चेक शास्त्रज्ञ पुर्किने याने १८२५ मध्ये नोंदवलेली गोष्ट हीच: अंधार पडत जातो, तसा लाल रंग विझत जातो आणि निळा उजळत जातो. ६२५ नॅनोमीटरचा लाल प्रकाश दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. दृष्टीच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, त्यामुळे नजर रोखून पाहणाऱ्याला हा फरक कमी जाणवतो आणि पालखीकडे पाहताना कडेच्या नजरेने स्तंभ पाहणाऱ्याला जास्त. लक्समीटर मात्र भर उजेडातल्या आलेखावर चालतो, रात्रीही.

तिसरे कारण पाहणाऱ्यांच्या वयाचे होते, आणि मला ते या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण दोन प्रामाणिक माणसांत वाद का पेटला याचा मोठा भाग त्यात आहे. वाढत्या वयाबरोबर नेत्रभिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. समितीतील ज्येष्ठांना निळा मजला खरोखरच मंद दिसत होता. व्यावसायिकाकडे काम करणाऱ्या तरुण मुलांना तो खरोखरच झगझगीत दिसत होता. एका महाजनांच्या एकाच डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली होती. त्यांनी आळीपाळीने एकेक डोळा झाकून स्तंभ पाहिला आणि नव्या भिंगाच्या डोळ्याला निळा अधिक दिसतो, असे स्वतःहून सांगितले. त्यानंतर अंगणातील बोलण्याचा सूरच बदलला.

प्रयोगशाळेत याची आणखी एक पडताळणी केली होती. पांढऱ्या पुठ्ठ्यावर दोन रंग आळीपाळीने, सेकंदाला सुमारे पंधरा वेळा पाडले, तर रंग एकमेकांत मिसळतात, पण उजेड कमीजास्त असेल तर लुकलुक टिकून राहते. एका रंगाचा प्रवाह बदलत लुकलुक कमीत कमी होईल तेथे दोघांचा उजेड जुळला असे मानतात. या पद्धतीने जुळवलेले हिरवे आणि निळे लक्समीटरच्या आकड्यांशी बऱ्यापैकी मिळाले. तेच दोन रंग शेजारीशेजारी स्थिर ठेवून जुळवायला सांगितले, तेव्हा तरुण निरीक्षकांनी निळा खूपच कमी केला. प्रमाणित आलेख घडवताना लुकलुकीच्या पद्धतीचा मोठा वाटा होता, त्यामुळे पहिला मेळ अपेक्षितच होता. ही चाचणी करताना अपस्माराचा त्रास असलेल्या कोणालाही खोलीत बसू देऊ नये.

शेवटी स्तंभासाठी मोजमाप आणि नजर या दोन्हींचा आधार घेतला. प्रत्येक मजल्याच्या ठरावीक बिंदूंवर लक्समीटर पृष्ठभागाला टेकवून आकडे नोंदवले आणि मग सभामंडपाच्या दारातून, जेथे भाविक उभे राहतात तेथून, वेगवेगळ्या वयाच्या मंडळींना पाहायला लावले. एका हिरव्याला दोन लाल आणि दोन निळे हे प्रमाण बहुतेकांना समतोल वाटले. पुढे जाऊन निळ्यांची संख्या वाढवू नये, असा सल्ला मी आणखी एका कारणाने दिला. लक्सचा आकडा लहान असला म्हणून निळा झोत डोळ्याला सौम्य ठरत नाही. दृष्टिपटलाला प्रकाशामुळे होणाऱ्या इजेचा धोका ४४० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो आणि तो लक्समध्ये दिसत नाही. जमिनीलगत लावलेले फोकस लहान मुलांच्या नजरेच्या उंचीवर येतात, म्हणून त्यांना पत्र्याचे आडोसे बसवून झोत वर वळवण्यात आला. मंगेशीच्या सातमजली दीपस्तंभासारखे गोव्यातील स्तंभ मुळात तेलाच्या पणत्यांसाठी बांधलेले आहेत. कोनाड्यांत पणत्या लावल्या जातात तेवढा वेळ तरी सर्व रंगीत फोकस बंद ठेवावेत, ही माझी विनंती समितीने मान्य केली.

बिलाचा निकाल त्याच बैठकीत लागला. निळ्या फोकसची रोखलेली रक्कम पूर्ण देण्यात आली. लाल फोकसची वीज चिठ्ठीपेक्षा कमी असली, तरी करारात वीज मोजण्याची पद्धतच नमूद नसल्यामुळे त्यावर कपात करू नये, असे खजिनदारांनी स्वतः सुचवले. पुढील वर्षाच्या करारातून “२० वॅट” आणि “सारखा उजेड” हे दोन्ही शब्दप्रयोग काढले आहेत. त्यांच्या जागी प्रत्येक रंगाची तरंगलांबी आणि तिच्यातील मान्य फरक, प्रत्येक मजल्यावरील ठरावीक बिंदूंवर रंगागणिक किमान लक्स, दिवे तापल्यानंतर आणि अंगणातील इतर दिवे बंद असताना मोजणी, आणि ती मोजणी दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत एकाच लक्समीटरने जत्रेच्या आधी करणे, अशी कलमे घातली आहेत. निळ्याचा किमान आकडा हिरव्यापेक्षा बराच कमी ठेवलेला आहे आणि त्याचे कारण त्याच कलमाखाली एका वाक्यात लिहिले आहे, म्हणजे समिती बदलली तरी नव्या खजिनदारांना ते वाचता येईल.